खिळ्यावरचा बिल्ला

देवानंदभाऊ गेला असा नागपूरहून फोन आला, तेव्हा मी साकोलीच्या कॉलेजात ऑक्सिडेशन शिकवत होते. आधी रडू आलंच नाही, राग आला. पाच आठवडे झाले, तो राग अजून उतरलेला नाही.

माझा हा थोरला भाऊ एका ठेकेदाराकडे होता. लोखंडी पाइपांचे जोड पक्के आहेत का, हे किरणोत्सर्गी यंत्राने फोटो काढून पाहायचं काम. एके दिवशी यंत्रातली किरणांची गोळी परत आतल्या कवचात गेलीच नाही. धोका सांगणारं मीटर बंद पडलेलं. भाऊ अर्धा दिवस तिच्याशेजारी राबला आणि संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. ठेकेदाराने व्हिटॅमिन सीच्या गोळ्या दिल्या... अँटिऑक्सिडंट आहे म्हणे, सगळं निघून जाईल! आणि मी? मीही आवळ्याचा रस घेऊन धावले. किरणांनी अंगात मुक्त मूलकं, म्हणजे फ्री रॅडिकल्स, उसळतात, त्यांना आवरणारी शरीराची स्वतःची फौज इतक्या माऱ्यात संपून जाते, पेशी मरतात, हे मी शिकवते. तरी रोज पेला भरून दिला. स्वतःचाही राग येतो तो याचाच.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किरणांची मात्रा किती होती? ते सांगणारा, छातीवर लावायचा बिल्ला तर कोरा निघाला.

"भाऊ, बिल्ला कुठं होता?"

"ऑफिसातल्या खिळ्यावर. बाबा खदानीत उतरताना वरच टांगून जात ना, कोण खाली हाये ते समजाले... मी बी तसाच टांगला."

"कोणी सांगितलं नाही तुले?"

"ठेकेदार साहेब रोज पाहे. काही नाही बोलला."

का बोलेल? कोरा बिल्ला त्याच्या सोयीचा होता! अपघात झालाच नाही, असं कागदावर आलं. भाऊचा जीव अडकला होता तो त्या दिवशी त्याच्याबरोबर कामावर असलेल्या दोघांत. "त्याहिले तरी तपासा म्हणा," एवढंच तो शेवटपर्यंत सांगत राहिला. कोणी तपासलं नाही.

भाऊच्या जलदान विधीच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस भाऊचा डबा, बूट आणि तो बिल्ला खदानीजवळच्या चिखला गावातल्या आमच्या घरी टाकून गेला. दाराजवळच्या खिळ्यावर बाबांचा पितळी बिल्ला आहे. त्याच्याशेजारी मी भाऊचा टांगला. बाबा सांगायचे, "पाळी सुटल्यावर बोर्डावर बिल्ला दिसला, म्हणजे माणूस खालीच हाये. त्याले आणल्याबिगर कोणी घरी जायचं नाही." भाऊला आता कोणी आणू शकत नाही. पण ते दोघे अजून त्याच कामावर जातात. त्यांची तपासणी होईपर्यंत हा बिल्ला खिळ्यावरून निघणार नाही, आणि मीही ठेकेदाराच्या दारातून हलणार नाही.