फ्लॉपीची दुसरी प्रत

कॉम्प्युटर घरात आला तेव्हा, खरं सांगते, मला त्याचा रागच होता. यांच्या कारखान्यानं जुनी मशिनं काढली, त्यातलं एक यांनी रिक्षात मांडीवर धरून बोईसरजवळ पामला आमच्या घरी आणलं आणि खिडकीखालची माझ्या शिलाई मशीनची जागा त्याला देऊन टाकली. संध्याकाळी पानं वाढून झाली तरी यांची टकटक चालूच. मी म्हणायचे, लग्न या डब्याशीच करायचं होतं ना. हे हसायचे आणि पुढची ओळ टाइप करायचे. काय लिहिताय, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही.

त्याच वर्षी हे गेले. पंच्याण्णव साल होतं. आम्हाला मूलबाळ नाही. आमची साताऱ्याकडची माणसं आली, दिवस होईपर्यंत राहिली आणि गेली. मग घर एवढं शांत झालं की मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले. एकटीच्या भाताला दोन पुरतात, मी तीन होऊ द्यायची.

यांचं टेबल आवरताना एक फ्लॉपी सापडली. नव्या वाचकांना सांगायला हवं, फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी डबी, आत पातळ चकती, कॉम्प्युटरवर लिहिलेलं तिच्यात ठेवायचं. वरच्या कागदावर यांचं अक्षर होतं, ‘तुझ्यासाठी’. मला तर मशीन चालू करायचं बटणसुद्धा माहीत नव्हतं. मी ती फ्लॉपी लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. जपायची वस्तू म्हणजे हात न लावायची वस्तू, एवढंच मला ठाऊक.

ते वाचता यावं म्हणून बोईसरला स्टेशनजवळच्या क्लासात नाव घातलं. सगळ्या कॉलेजच्या मुली. मला काकू म्हणायच्या, वागायला चांगल्या, पण माझ्या शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून आपसात बोलायच्या. मी वही काढून बसायची. आधी कुठलं बटण, मग कुठलं, पडद्यावर काय आलं तर काय करायचं, सगळं माझ्या शब्दांत लिहायची. तुम्हीही तसंच करा. शिकवणाऱ्याचे शब्द दोन दिवसांत उडून जातात, आपले राहतात.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा वाटलं, आता जमेल. कपाट उघडलं. शालूला काही झालं नव्हतं. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून पाहिलं तर आतल्या चकतीवर पांढरे ठिपके. बुरशी.

तशीच क्लासात घेऊन गेले. सर म्हणाले, अशी मशीनमध्ये घालू नका, मशीनही बिघडेल. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून हलक्या हातानं पुसा, सावलीत वाळवा, मग तपासणीचा प्रोग्राम चालवा. तो कुठून आणू, असं मी विचारलं तर म्हणाले, “आणायचा कशाला, काकू? तुमच्याच मशीनमध्ये पहिल्यापासून आहे, फुकट.” गरजेच्या कितीतरी गोष्टी मशीनमध्ये आधीच असतात आणि आपण बाहेर विचारत फिरतो, हे मला तेव्हा कळलं.

दाराशी बसून पुसत होते तेवढ्यात जवळच्या, किनाऱ्यावरच्या नवापूरची मासळीवाली आली. एक दिवसाआड यायची, पाटी उतरवायची, भाव सांगायची, उठायची. तेवढीच ओळख. तिनं वाकून पाहिलं.

“सुकटीला पन असंच होते, वयनी. कोंडून ठेवली का बुरा येते. मधी मधी काडून बगाया नको?”

मी काडी परत स्पिरिटमध्ये बुडवली.

चकती वाळल्यावर प्रोग्राम लावला. पडद्यावर बारीक चौकोन एकेक करून भरायला लागले. चांगली जागा असली की चौकोन भरायचा, खराब असली की तिथं एक अक्षर यायचं. मशीन कुरकुरायचं, थांबायचं, परत तीच जागा वाचायचा प्रयत्न करायचं. मी हात जोडून बसले होते, ते नंतर लक्षात आलं.

दीड पान हाती लागलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. मला वाटलं होतं, मनातलं काही असेल. होत्या सूचना. ‘बंद करताना आधी पडद्यावरून बंद कर, भिंतीवरचं बटण शेवटी. मागच्या जाळीत धूळ साचते, महिन्यातून एकदा ब्रशनं काढ. पावसाळ्यात रोज अर्धा तास चालू ठेव, खारी हवा आहे. फ्लॉपी कपड्यांच्या कपाटात ठेवू नकोस, तू ठेवशील.’ इथं मी हसले आणि मग बराच वेळ रडले. वाचता आली ती शेवटची ओळ होती, ‘सगळ्याच्या दोन प्रती कर. एक आपल्या घरी, एक दुसऱ्याच्या घरी.’ पुढं नुसते चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. पुढचं गेलं ते गेलंच.

दोन नव्या फ्लॉप्यांवर प्रती केल्या. एक टेबलावर ठेवली आणि दुसरी हातात घेऊन बसले. दुसऱ्याचं घर कुठलं? शेजारचे बदली होऊन गेले होते, नव्यांचं नाव मला माहीत नव्हतं. साताऱ्याला पाठवली असती तर पाकीट तरी कुणी फोडलं असतं का, कोण जाणे. माझं असं दुसरं घरच नव्हतं.

मासळीवाली आली तेव्हा मी ती तिच्यापुढं धरली.

“माज्याकडं कशाला?” ती म्हणाली. “माजं घर दर्यावर. तुमच्यापरीस खारा वारा.”

मी म्हटलं, “मग दर महिन्याला आण. तपासून बघू.”

तिनं ती हातात घेतली. मग प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी गुंडाळली आणि पाटीत न ठेवता कमरेला खोचली.

महिना झाला. ती आली आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली, पाय पुसून, अवघडून खुर्चीच्या कडेला बसली. फ्लॉपी घातली. उघडली. काय लिहिलंय, तिनं विचारलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. यांचे शब्द त्या घरात मोठ्यानं उच्चारले गेले ते तेव्हाच.

“धुळीचं परत वाचा,” ती म्हणाली. “आमच्या टीव्हीला पन जाळी हाय.”

मी परत वाचलं. मग तिला चहा ठेवला, दोन कप.