दोन शिक्के

सैपाकघरातल्या फळीवर अंथरलेल्या कागदावरून मी एका बाईचं राजकारण ओळखलं होतं. हसा खुशाल. मीही हसते. पण त्या हसण्याच्या खाली जे आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडून पुटपुटतानासुद्धा नाही. देवाला तर मुद्दामच नाही. तो कोणत्या बाजूचा आहे याची मला खात्री नव्हती.

मग आता काहून सांगून राहिली, असं विचाराल. सांगते.

आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या दोन पक्ष नांदतात. नातू एका बाजूचा, नात दुसऱ्या. भांडण धोरणांवर असतं तर मी कान दिला असता. भांडण असतं ते — तुमचे लोक आम्हाला अडाणी समजतात, आणि तुमचे लोक आम्हाला दीडशहाणे समजतात — यावर. मग दोघं माझ्याकडे वळतात. आजी, तू इतक्या निवडणुका पाहिल्या. खरं सांग, कोणत्या बाजूचे लोक दुसऱ्याला जास्त तुच्छ लेखतात? मी म्हणते, ज्याच्या ताटात भाजी उरली त्याच्या. दोघं हसतात, मी सुटते. पण नात परवा हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. पोरगी संशयी आहे. माझ्यावर गेली आहे.

तर मी. पंचवीस-सव्वीसची, बी.ए. झालेली, अजून नवीच म्हणावी अशी सून, कडेवर एक तान्ही मुलगी. नवरा प्राध्यापक. मान जरा वर. म्हणजे किती वर? समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या डोक्यावरून बोलता येईल इतकी. आज ती पोरगी मला आमच्या धंतोलीच्या रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या बाजूनं निघून जाईन.

घरात आम्ही दोन जावा. थोरली यमुना, मी तिला जाऊबाई म्हणायची. काटोलची, संत्र्यांच्या बागेत वाढलेली. शाळा चौथीपर्यंत. तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, संत्र्याच्या व्यापारात. चूल एकच होती, आणि खरं सांगायचं तर चुलीपाशी तीच असायची. मी असायची बैठकीच्या दारात. आत प्राध्यापक मंडळी बसत, त्यांच्या बोलण्यात मधूनच एखादं वाक्य टाकायला मला फार आवडे.

ते दिवस वेगळ्या विदर्भाच्या गरमागरमीचे. सत्तर-एकाहत्तर साल असेल. आमची बैठक अखंड महाराष्ट्राची. भाषा एक, राज्य एक. समोरची बाजू म्हणे, आमचा कापूस, आमची संत्री, अन् मलई खाणार मुंबई-पुणं. त्यांच्या सभांतून आम्हाला शिव्या पडत. दलाल म्हणत, शहाणे म्हणत, आणखीही काय काय म्हणत. आणि आम्ही? आम्ही कधी शिवी दिली नाही. याचा आम्हाला केवढा अभिमान! आम्ही फक्त एक शब्द वापरायचो. बिचारे. भडकवले गेलेत बिचारे. समजत नाही बिचाऱ्यांना.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, शिवी माणूस आपल्या तोलाच्या माणसाला देतो. बिचारं आपण कुणाला म्हणतो? वासराला. आजाऱ्याला. पण हेही मी फार ताणणार नाही — शिव्या खाणाऱ्याला विचारा, त्यात त्याला काही बरोबरीचा मान वाटला का. तोलून सांगणं माझं काम नव्हे. मी त्याच तराजूच्या पारड्यात बसलेली आहे.

फळीच्या कागदावर येते. निवडणुकीला थोडे दिवस होते, आणि डब्यांच्या फळीवर मला समोरच्या बाजूचं पत्रक अंथरलेलं दिसलं. निशाणी वर, अगदी हळदीच्या डब्याशेजारी. मी चपापले. अच्छा! म्हणजे आपल्याच घरात! मग काय, मी पाळत ठेवायला लागले. काटोलहून तिचा भाऊ दादाराव संत्र्यांचा ट्रक घेऊन आला तर ट्रकावर त्याच बाजूचा झेंडा. त्यांची मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा जाऊबाई धावत गच्चीवर. बैठकीत आमचे लोक बोलत तेव्हा ती एक शब्द बोलत नसे. इतके पुरावे! कोर्टातही इतके लागत नाहीत.

मिरवणुकीत फटाके फुटत होते आणि गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, म्हणून ती धावली होती. पत्रकाचा कागद जाड होता, तेल शोषून घ्यायचा, म्हणून फळीवर आला होता. आणि बैठकीत ती बोलत नसे कारण तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण संशयाला विचारायची सवय नसते, हो ना?

इथपर्यंतचं सांगायला मला लाज नाही. हे नुसतं खुळेपण. पुढचं खुळेपण नाही.

मी गल्लीतल्या बायकांना मत कसं द्यायचं ते शिकवायची. माझं मोठं समाजकार्य. दुपारी बायका आमच्या ओसरीवर जमत. रद्दी कागदावर मी निशाण्या काढून ठेवायची. बटाटा अर्धा कापून, त्यावर फुली कोरून शिक्का केला होता, तो कुंकवाच्या पाण्यात बुडवायचा आणि आपल्या निशाणीवर एकदाच, नीट दाबायचा. घडी अशी घालायची, की ओला रंग दुसऱ्या निशाणीला लागू नये. बायका हसायच्या, एकमेकींच्या गालावर शिक्के मारायच्या. फार छान चालायचं ते. जाऊबाई त्या वेळी आत भाकरी थापत असे.

एक दिवस बायका गेल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली. इकडे तिकडे पाहिलं. म्हणाली, "कुंदे, मलेबी शिकव वं. मागच्या खेपेले तुये भाऊजी म्हणाले थ्या जागी मारला. या बारीनं मी माह्या मनानं मारीन. नीट सांगजो, वाया नाही गेलं पाहिजे."

पहिल्यांदाच आपल्या मनानं. तिचं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढे.

आणि मी काय केलं? — थांबा, लिहिते. इतकी वर्षं नाही लिहिलं, तर एक ओळ उशीर झाला म्हणून काय बिघडतं.

मागच्या निवडणुकीत दिल्लीचं आणि मुंबईचं, म्हणजे लोकसभेचं आणि विधानसभेचं, मतदान एकत्र झालं होतं. कागद दोन मिळाले होते, शिक्के दोन मारायचे होते. ते तिला आठवत होतं. या वेळी मतदान दिल्लीचंच होतं. कागद एक, शिक्का एक. मी बटाटा तिच्या हातात दिला आणि शांतपणे म्हटलं, जाऊबाई, सरकारनं यंदा कागदाची बचत केली आहे. कागद एकच मिळेल. पण शिक्के मागच्यासारखेच दोन मारायचे. दोन वेगवेगळ्या निशाण्यांवर.

दोन शिक्के म्हणजे मत बाद. हे मी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांना बजावलं होतं. तिला एकटीला उलटं शिकवलं. दोनदा करूनही घेतलं. ती जीभ दातांत धरून, बटाटा सांभाळून शिक्के मारत होती, आणि मी म्हणत होते, शाब्बास.

मला तेव्हा जरासुद्धा वाईट वाटलं नाही, हे तुम्हाला कळायला हवं. मला वाटलं, मी चांगलं काम केलं. ती फसवली गेलेली आहे. फसलेल्या माणसाला आपण फसवलं तर ते फसवणं कुठं झालं? असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला पटलंही. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं मी.

मतदानाच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून गेली. परत आली ती बोट उंच धरून. शाई निघू नये म्हणून कणीक मळताना ते बोट वेगळं ठेवत होती, तिरंदाजासारखं. मला हाताला धरून सैपाकघरात नेलं, कानाशी आली. "एक तुया निशाणीवर मारला," म्हणाली, "अन् एक दादारावाच्या. दोघाइचंबी मन राहिलं बाप्पा!"

इतका आनंद मी तिच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता. मी काय केलं? हसले. बरं झालं म्हटलं.

तेव्हाही सांगता आलं असतं. मत परत मिळालं नसतं, पण सांगता आलं असतं.

मोजणी झाली. आमच्या बाजूचा उमेदवार पडला, चांगला सपाटून पडला. तिच्या एका मतानं काही झालं नसतं — इकडेही नाही, तिकडेही नाही. संध्याकाळी बैठक भरली, चेहरे पडलेले. मोजणीच्या टेबलावर बसून आलेले एक प्राध्यापक हरल्याचं दुःख हलकं करायला गमती सांगायला लागले. बाद मतांच्या गमती. कुणी निशाणीला कुंकू लावलं होतं, कुणी अंगठा उठवला होता. म्हणाले, आणि काही महाभाग तर दोन-दोन शिक्के! दोन्ही बाजूंना एकेक! नवरदेवालाही अक्षता, नवरीलाही अक्षता! सगळे खो खो हसले. आमचे हे डोळे पुसत म्हणाले, बिचारे! काय करणार यांचं?

माझी वाक्य टाकायची सवय तुम्हाला सांगितलीच आहे. मी दारातून म्हणाले, "शिकवून तरी किती शिकवायचं? पालथ्या घड्यावर पाणी."

पुन्हा हशा. माझ्या वाक्याला इतकी दाद कधी मिळाली नव्हती.

मी वळले तर माझ्यामागे जाऊबाई उभी. हातात चहाचं तबक. कप भरलेले, वाफ येत होती. कधीपासून उभी होती? अक्षतांपासून की नुसत्या घड्यापासून? मला कळलं नाही. तिनं तबक माझ्या हातात दिलं, सांडू न देता, आणि आत गेली.

ती ओरडली असती तर? भाऊजींना सांगितलं असतं, बैठकीत येऊन सगळ्यांसमोर विचारलं असतं, तर? मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं. तुमचाच ऐकण्यात घोटाळा झाला, असं म्हणणार होते. होय, म्हणणारच होते. माझा स्वतःवर तेवढा विश्वास आहे.

पण तिनं कुणालाच सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. माझ्या पुढच्या बाळंतपणात तिनं डिंकाचे लाडू केले, दर हंगामाला काटोलची संत्री आली की पहिली माझ्या मुलीच्या ओंजळीत. एक झालं. पुढे जेवढ्या निवडणुका आल्या, तिनं मला काही विचारलं नाही. एकटी जायची, एकटी यायची. कुणाला मारला, कुणी विचारलं तर म्हणायची, मारला एक. त्या 'एक'वर ती जरा जोर देई, असं मला वाटे. देत होती का? की माझ्याच कानाचा संशय? ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे हा संशय माझ्याकडेच राहिला.

माझ्या नातवंडांना उत्तर हवं आहे, कोणती बाजू जास्त तुच्छ लेखते. मला त्या बाजूचं माहीत नाही. दादाराव आपल्या लोकांच्या बैठकीत बसून बहिणीला काय म्हणायचा, मी ऐकलेलं नाही. मला फक्त आमच्या दारातलं माहीत आहे.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तेव्हा ती माझ्या मुलीसाठी संत्रं सोलत बसली होती. फोडीवरची एकेक शीर काढत होती. मी तिथून सटकणारच होते. तिनं मान वर केली नाही. आवाज चढवला नाही. भाजी काय करू विचारावं तशी म्हणाली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, त्यांत मी काही घातलेलं नाही:

"दादाराव सांगून गेलता वं कुंदे, एकच मारजो म्हून. मीच म्हटलं, त्याले काय समजते? आपली कुंदा शिकलेली हाय."