पोटात काय हाय?

आमच्या ग्राउंडवर किस्से व्हायला निमित्त लागत नाही. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, एक शिट्टी आणि मी, एवढं पुरतं! शहापुरातल्या एका शाळेत मी पी.टी. शिकवते, आणि शाळा भरायच्या आधी सकाळी ह्या मंडळींना पळवते. लोकांना वाटतं, मॅडमला टायमिंगचं टेन्शन असेल. कसलं काय! मला टेन्शन पोटाचं. माझ्या नाही, ह्यांच्या.

ग्राउंडवर पाय ठेवला की गुड मॉर्निंगच्या आधी मी विचारते, "पोटात काय हाय?" त्यावर जी उत्तरं येतात, त्यांचेच हे किस्से साचत गेलेत. हसू येतं, पण हसता हसता धाकधूकच जास्त होते. पळायला मी शिकवेन हो, पण प्रत्येकाच्या ताटात कुठून शिरू?

*

मुरबाडकडचा संतोष बाइकवरून यायचा. कुणाच्या तरी नादी लागून त्यानं प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा आणला. मी बोंबलले, "अरे, आधी डाळ-भात नीट खा, मग डबे आण!" ऐकतोय कोण! रोज दंड दाखवायचा. "फरक पडलाय मॅडम. अंगात करंट आल्यासारखं वाटतं!"

करंट खराच होता. स्टॅमिना वाढला होता, धापही कमी लागायची. मलाच शंका यायला लागली, की आपलंच चुकतंय की काय. डब्यात भलतंसलतं तर काही नाही ना, ह्या काळजीनं शेवटी त्याच्या घरीच गेले.

त्याची आई म्हणाली, "ती पावडर होय? ती दुधाची असते असं हाच म्हनला. आमची गाय आटली ना, म्हनून वासराला पाजली."

"मग डब्यात काय आहे?"

"नाचनीचं पीठ. भाजून, दळून, वर थोडा गूळ. पोरगा काय रिकाम्या पोटी पाठवू?"

संतोषला सांगितलं तर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ग्राउंडवरचाच आमचा सिद्धार्थ म्हणाला, "वासराचा फॉर्म भरा मॅडम, पयला नंबर काढंल!"

*

सिद्धार्थ म्हणजे आमच्या ग्राउंडचं तोंड. त्याच्या आईचा हात मोठा. लेकासोबत सगळ्यांना पुरतील इतके उकडलेले चणे आणि अंडी पाठवायची. पळून झालं की सगळे गोल बसून खायचे, हा आमचा रिवाजच पडला.

उंबरमाळीचा किशोर मात्र त्या गोलात कधी पोटभर खायचा नाही. अंग हलकं राहिलं पाहिजे म्हणायचा. सैन्यभरतीला निघाला तेव्हा मी बजावलं, "आता वजन कमी भरेल बघ." तो घाबरला, आणि तिथं रांगेत उभ्या उभ्या केळी खात सुटला. धाव आधी असते आणि वजन नंतर, हे त्याला ठाऊक होतं. पण धीर कुठला!

परत आल्यावर विचारलं, "काय रे, वजन भरलं का?"

"तिथपर्यंत पोचलोच नाय मॅडम. पळता पळता ओकलो, केळी वाटेतच उतरली!"

सगळे खो खो हसले. किशोरही हसला, पण नंतर बुटाची नाडी बांधत बराच वेळ खाली मान घालून बसला. वर्षभराची मेहनत होती ती. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

आणि मग आमची वनिता. सापगावची. पोलीस भरतीचा तिचा हा शेवटचा चान्स, पुढच्या वेळी वयात बसणार नव्हती. सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. एवढं करून पोरगी दिवसेंदिवस मागे पडत चालली! आठशे मीटरमध्ये आधी जिला कुणी गाठत नव्हतं, तिला आता नवीन आलेल्या पोरी मागे टाकायला लागल्या. मागे पडली की ती अजून जास्त पळायची, आणि जास्त पळली की अजून मागे पडायची. माझा जीव टांगणीला लागला.

सिद्धार्थनं अंडं पुढं केलं की म्हणायची, "नको रे, आज सोमवार हाय." मग गुरुवार. मग शनिवार. मध्येच चतुर्थी.

सिद्धार्थ एकदा वैतागून म्हणाला, "हिच्या कॅलेंडरात जेवायचा वार कुठला, तेवढा सांगा मॅडम!"

सगळे हसले. मी तिला बाजूला घेतलं. विचारलं तर खाली बघून म्हणाली, "आयनं नवस बोललाय. यादीत नाव लागंपर्यंत वार पाळायचे."

घ्या! भरती व्हावी म्हणून उपास, आणि उपासामुळेच भरती हातची जायची!

*

संध्याकाळी गेले सापगावला. वनिताची आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, आधी पोटोबा मग विठोबा, असं आपलेच लोक म्हणतात ना?"

मावशी वालावरची नजर न काढता म्हणाल्या, "ते पोटोबावाल्यांनी ठरवलंय मॅडम. विठोबाला कुनी इचारलंय?"

मी बेत बदलला. "असं बघा, व्यायामानं अंग मोडतं. खाल्लं की ते परत भरून येतं, आधीपेक्षा घट्ट होऊन. तुमची लेक नुसतीच मोडतेय. भरायला तिच्या पोटात काही नाही."

त्यांचा हात थांबला. "आनि नवस सोडला, नि नाव नाय लागलं तर? तुमी घेनार डोक्यावर?"

मी एक वाल उचलून सोलायला लागले. मग सोललेले वाल पदरात घेऊन मावशी उठल्या. "तिचे वार मी करीन. द्या तिला काय द्यायचं ते."

दुसऱ्या दिवशी वनितानं सिद्धार्थच्या डब्यातलं अंडं घेतलं. हळूहळू तिच्या पायात जोर आला. कुठल्याही औषधाविना, नुसत्या भाकरी-चण्या-अंड्यांवर! मी सुटकेचा निःश्वास टाकला. माउलीचे स्वतःचे वार होतेच, त्यावर लेकीचे चढले, आणि आता तिलाच जेवायला वार उरला नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

*

भरतीचं ग्राउंड ठाण्याला होतं. नेमका सोमवार! वनिता, तिची आई आणि मी सकाळी लवकर गेटबाहेर पोचलो. नंबर लागायला वेळ होता, म्हणून मी डबा उघडला. भाकरी आणि अंडी. "खा गो वनिता, आत्ता खाल्लंस तर पळायच्या आधी जिरंल."

वनितानं अंडं सोललं, आणि तेवढ्यात शेजारी मावशी भिंतीला धरून मटकन खाली बसल्या. तोंड पांढरं पडलेलं. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाल्या.

"आये, काल काय खाल्लंस?"

मावशींनी डबा तिच्याकडं सरकवला.

"परवा?"

"तू खा गो. माझा नवस हाय."

वनिता फुटपाथवर बसली. "तू खा, मग मी खाईन. नायतर उपाशीच जाते आत."

"वनिता, टाइम बघ!" मी ओरडले. "उशिरा खाल्लंस तर तुझा किशोर होईल!" इतक्या महिन्यांची मेहनत फुटपाथवर बसली होती, आणि दोघी मायलेकी एकमेकींकडं बघत होत्या. कुणीच हटेना. वनितानं सोललेलं अंडं आईच्या तोंडाशी धरलं.

मावशींनी एकदा गेटकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. मग वर बघून म्हणाल्या, "जरा तिकडं तोंड कर रे देवा!"

आणि खाल्लं. रडत रडत खाल्लं. वनिताही रडत होती आणि खात होती, आणि मी बाजूला उभी राहून दोघींना पाणी देत होते.

मग ती आत गेली. बाहेरून काही दिसत नव्हतं, नुसत्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. प्रत्येक शिट्टीला मावशी माझं मनगट आवळायच्या.

*

धाव झाली, गोळाफेक झाली, लेखी परीक्षा झाली, आणि यादी लागली. वनिताचं नाव होतं. सिद्धार्थ ग्राउंडभर नाचला.

त्यानंतर एका सकाळी मावशी ग्राउंडवर आल्या, डोक्यावर मोठं पातेलं घेऊन. "नवस फेडायला आले मॅडम. सगळ्यांना बसवा."

पोरं गोल बसली. मावशींनी पातेल्यावरचं फडकं काढलं. उकडलेली अंडी! अजून वाफ येत होती. एकेकाच्या हातावर ठेवत, "पोटात काय हाय रे?" असं विचारत त्या पुढं सरकत होत्या. शेवटचं स्वतःसाठी घेतलं आणि सोलायला लागल्या.

मी हळूच म्हटलं, "मावशी, आज सोमवार आहे."

"म्हनून तर आज आनली," मावशी म्हणाल्या. "दिसू दे त्याला!"