डॉक्टर श्याओंची कोळंबी

काओश्युंग बंदरामागच्या आमच्या गल्लीत दाढ दुखायला लागली की माणूस आधी मिठाच्या गुळण्या करतो, मग बायकोवर चिडतो, आणि सगळे उपाय थकले की डॉक्टर श्याओंच्या खुर्चीत जाऊन पडतो. डॉक्टरांचा हात फार हलका. जड आहे ते बोलणं. तुम्ही आ वासला, गालात कापूस कोंबला गेला, की ते समुद्राच्या पाण्याचा खारटपणा, प्रवाळांना लागणारा उजेड आणि शंखांची भूक यांवर बोलायला लागतात. तुम्हाला मध्येच थांबवता येत नाही, कारण जीभ त्यांच्या ताब्यात असते. माझ्या उजव्या बाजूच्या दाढा त्यांनीच बसवल्या आहेत आणि प्रवाळांबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं त्याच बाजूने आत गेलं आहे.

त्यांची ती खाऱ्या पाण्याची टाकी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर पसरलेली. आत खडक, खडकांवर डुलणारे प्रवाळ, आणि डॉक्टरांची सर्वांत लाडकी पांढऱ्या मिशांची लाल कोळंबी. मासे तिच्यासमोर तोंड उघडून उभे राहत आणि ती आत शिरून त्यांचे दात कोरत असे. "आमच्या धंद्यातली आहे," डॉक्टर अभिमानाने सांगत, "आणि मासे कुरकुर करत नाहीत."

टाकीशेजारीच डॉक्टरांच्या बायकोचा, मेइ-युएचा देव्हारा. रोज उदबत्ती, फळं, चहाचे पेले. डॉक्टर येताजाता टोमणा मारत, "मी शास्त्राचा माणूस. देव तुझ्याकडे, माशांचं पाणी माझ्याकडे."

"म्हाताऱ्या माकडा," ती म्हणे, "पाणी म्हणजे लक्ष्मी. दोन्ही एकाच भिंतीला आहेत म्हणून तुझं दुकान चालतंय."

नववर्षाला मेइ-युए भूमिदेवाच्या देवळातून 'आई' म्हणतात ते नाणं घेऊन आली. देवाचा चेहरा कोरलेलं, तांब्याचं. आमच्याकडे ते गल्ल्यात ठेवतात. मग म्हणे पैशाला पैशाची पिल्लं होतात, आणि वर्ष संपलं की ही आई देवाला परत करायची. त्याच आठवड्यात नाणं हरवलं. "वेंधळी आहेस तू," डॉक्टर म्हणाले, आणि तेही उपचाराला आलेल्या लोकांसमोर. ती बिचारी देवळात जाऊन माफी मागून आली.

मग टाकीला साडेसाती लागली. आधी लाल कोळंबी उलटी पडली. मग शंख काचेवरून गळून पडले. प्रवाळांनी अंग आत ओढून घेतलं ते घेतलंच. मासे कोपऱ्यात धापा टाकायला लागले. डॉक्टरांनी खारटपणा मोजला, तापमान मोजलं, घाण मोजली. सगळं जागच्या जागी. पाणी बदललं, पंप धुतला. नवी कोळंबी आणली, तीही सकाळी आडवी.

पाणी निर्दोष ठरल्यावर गुन्हेगार बाहेरच असणार. आधी उदबत्ती बंद झाली. मग नर्सच्या हाताचं क्रीम बंद झालं. शेवटी संशय आ-सेंगवर गेला. आ-सेंगचं समुद्री माशांचं दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, आणि कोळंबी त्याच्याकडचीच.

झालं. जो खुर्चीत पडेल त्याला डॉक्टर सांगायला लागले, "आ-सेंग रोगट जीव विकतो. हलू नका." कुणाला "असं कसं?" विचारता आलं नाही. लोक कापूस चावत घरी जात आणि तोंड मोकळं झाल्यावर तेच पुढे सांगत. आ-सेंगच्या दुकानात शुकशुकाट झाला. त्याची स्वतःची दाढ डॉक्टरांकडे अर्धवट राहिली होती, तीही त्याने तशीच ठेवली.

एके दिवशी गाल सुजलेला आ-सेंग दवाखान्यात घुसला. मी तिथेच नंबर लावून बसलो होतो.

"डॉक्टर, त्याच हौदातली कोळंबी माझ्याकडे नाचतेय. तुमच्याकडेच का मरते? तुम्ही टाकीत काहीतरी घातलंय."

"मी? शास्त्राचा माणूस आहे मी. ये, बघ. सगळ्यांनी बघा." डॉक्टरांनी बाह्या सारल्या आणि एकेक खडक बाहेर काढायला सुरुवात केली. "हा खडक. स्वच्छ. हा खडक. स्वच्छ." मधल्या मोठ्या खडकावर हात ठेवला आणि ते थांबले. चेहऱ्याचा रंग उतरला. आठवलं असावं.

"तोही काढा की," आ-सेंग म्हणाला.

खडकाखालून हिरवी, गंजलेली एक चकती निघाली. मेइ-युएने ती थेट बोटांनी पुसली. हिरव्या गंजाखालून भूमिदेव हसत होते.

तांब्याचा अंश पाण्यात उतरला की कोळंबी, शंख, प्रवाळ यांचा खेळ खलास. हे मला ठाऊक होतं, कारण डॉक्टरांनीच माझ्या उजव्या दाढेत भरलं होतं.

"पाणी म्हणजे लक्ष्मी," डॉक्टर पुटपुटले. "म्हटलं, नाणं पाण्यातच ठेवून बघू. कुणाला कळणार आहे."

"मी देवाची माफी मागून आले होते," मेइ-युए म्हणाली. बस्स, एवढंच. ती आरडाओरडा करती तर बरं झालं असतं. डॉक्टर ओल्या बाह्यांनी टपटपत उभे होते आणि आम्ही सगळे आपापल्या चपला न्याहाळत होतो.

मग त्यांनी आ-सेंगला खुर्ची दाखवली. त्याची दाढ त्यांनी पूर्ण केली, एकही शब्द न बोलता. शांततेत यंत्राचा तो आवाज इतका भयंकर असतो हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. काम झाल्यावर कापूस काढला, चूळ भरायला लावली, आणि तो नीट बसल्यावरच तोंड उघडलं.

"आ-सेंग, तुझे जीव चांगले होते. मी लोकांना खोटं सांगितलं."

"मघाशी का नाही बोललात?" अर्धा ओठ बधिर असल्याने आ-सेंगचे शब्द घसरत होते.

"मघाशी तुला उत्तर देता आलं नसतं."

आ-सेंगने गाल चाचपला. "मग बाकीच्यांनाही असंच सांगा. तोंड मोकळं ठेवून."

तेव्हापासून डॉक्टर तसंच करतात. माणूस बसला की आधी हात मागे बांधून उभे राहतात, कान लाल होतात, आणि नाण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगतात: बायकोला वेंधळी म्हटलं तेही गाळत नाहीत. गल्लीत काहीही न दुखणाऱ्यांचीसुद्धा रांग लागली. डॉक्टरांना हे कळतं. तरी ते कुणाला परत पाठवत नाहीत.

मीही एक धडधाकट दाढ घेऊन गेलो. त्यांनी सगळं सांगितलं आणि वाट बघत उभे राहिले. "बोला," म्हणाले, "काय बोलायचं ते बोला."

इतकी वर्षं बोलायची संधी शोधत होतो मी. पण त्यांच्या त्या लाल कानांकडे बघून एक शब्द सुचेना. शेवटी मी आ वासला.