डाव्या पायाची चप्पल

मुलुंडच्या गॅरेजमधला तो मालवणी मिस्त्री कुठल्याही गाडीत बसताना डाव्या पायाची चप्पल बाहेरच काढून ठेवायचा. "क्लच कानान नाय, पायान कळता," म्हणायचा.

माझ्या जुन्या पिकअपचा क्लचचा मास्टर सिलिंडर गेला आणि तसा दुसरा कुठेच मिळेना. त्याने भलत्याच गाडीचा आणला. बोल्टची भोकं जुळेनात, पेडलला जोडायचा दांडाही आखूड. शेजारचे मेकॅनिक हसले, "वाट लागली! भंगारात घाल."

त्याने एका जुन्या लग्नपत्रिकेवर भोकं आखून घेतली, तशी लोखंडी पट्टी कापली, दांड्याला तुकडा जोडला.

"चलव आता."

क्लच दाबला, गिअर अलगद पडला, गाडी सुटली. दुसरा गिअर टाकताना आरशात पाहिलं. तो रस्त्यात उभा राहून अनवाणी डावा पाय डांबरावर दाबत होता, हळूच सोडत होता.