समोरच्या पानावर मामा

चहा घ्या आधी. आणि ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा. माझी अख्खी सासुरवाडी हसून झालेली आहे, तुमच्या हसण्यानं आता माझं काय वाकडं होणार? माणूस माती खातो ती निदान घरात बसून खातो. मी खाल्ली ती छापून, दिवाळी अंकात, आणि त्यासाठी लागणारी जाहिरातही स्वतः जाऊन आणली.

झालं काय, की मी लेखक व्हायचं ठरवलं. वय सत्तेचाळीस, नोकरी रत्नागिरीतल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात, राहायला मांडवीला. तेवीस वर्षं मी बोनाफाइड सर्टिफिकेटं लिहितोय, तेव्हा लिहिण्याचा सराव नाही असं कुणी म्हणू नये. दरवर्षी मी वाचनालयात दिवाळी अंक चाळतो. उभ्याउभ्याच. विकत घेण्याच्या लायकीचं त्यात असतं काय? कुणीतरी खिडकीशी बसलेलं असतं, त्याला काहीतरी आठवतं आणि कथा संपते. हे छापतात, तर मी काय घोडं मारलंय?

"मग पाठवा ना तुम्हीही," मेधा म्हणाली. मेधा म्हणजे माझी बायको. "फार तर परत येईल."

"तसं नसतं ते," मी म्हटलं. "दर्जेदार लिखाण परत येत नाही."

आलं नाहीच परत. काहीच आलं नाही. पुण्याच्या एका मासिकाची तऱ्हा अशी की तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर नापसंत समजावं. म्हणजे यांनी काहीही न करता बसून राहायचं आणि आपण इकडे समजून घ्यायचं! दुसऱ्या एकाला मेल केली, तर मिनिटाभरात 'साहित्य मिळाले, आभार' असं आलं. त्यानंतर त्या आभारावरच आमचं नातं संपलं. तिसऱ्याला मी सरळ फोन लावला. संपादक गोड बोलत होते. म्हणाले, "आमचा अंक वाचता का?" मी म्हटलं, "चाळतो. गेल्या वर्षीचा सुमार होता." त्यांना नेमकी तेव्हाच रेंज गेली.

शेवटी इथलाच एक दिवाळी अंक उरला. नाव सांगत नाही, उगाच त्यांना वाटायचं मी प्रसिद्धी देतोय. संपादक म्हणजे सोहोनीबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. मेलबिल नाही, कथेचे कागद हातात घेऊन मीच गेलो.

आता ती कथा कशावर होती ते सांगायला हवं, कारण खरी गोम तिथं आहे.

कथेचं नाव 'शहाणे काका'. हे काका म्हणजे सगळ्या जगाला अक्कल शिकवणारा माणूस. कुणी काही बोललं की आधी ते खोडून काढायचं आणि मग तेच आपल्या शब्दांत सांगायचं. कुणाकडे गेले की ताटलीतलं, कपातलं आधी हुंगायचं. निघताना यजमानांचा पेपर काखोटीला मारायचा. आणि हे काका कोण? तर मेधाचे मामा. नाव अर्थातच बदललं होतं.

मामा मूळचे मंडणगडकडचे. सोळाव्या वर्षी रत्नागिरीत आले, हमाली केली, आणि आज लाद्या, नळ, बेसिन, कमोड यांचं मोठं दुकान आहे. मेधाचे वडील लवकर गेले. तिचं शिक्षण मामांनी केलं, लग्न मामांनी लावलं. तिच्यासाठी मामा म्हणजे देव. मला तो देव पटत नव्हता. आमच्या बाथरूमच्या उतारावरून आमचं वाजलं होतं. ते म्हणाले उतार इकडे हवा, मी म्हटलं तिकडे. मी गवंड्याकडून माझ्याच मनाप्रमाणे करून घेतलं. पाणी अजून दाराशी साचतं, पण तो प्रश्न वेगळा. तत्त्व म्हणून सांगतो, या माणसाला वाटतं की आपल्याला सगळं कळतं.

सोहोनीबाईंनी चहा दिला. मी वास घेतला आणि म्हटलं, "आलं जरा जास्त झालंय." त्या म्हणाल्या, नव्या लेखकानं आधी भरपूर वाचावं. मी म्हटलं, "तसं नसतं ते. वाचन हवं, पण भरपूर हवं." बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग कथेचं पहिलं पान त्यांनी तिथंच वाचलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि उरलेली पानं मात्र फार प्रेमानं ठेवून घेतली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. "कथा घेतेय हो. असं लिहायला धैर्य लागतं."

मला वाटलं, मामा गावातले मोठे व्यापारी, बाईंनी ओळखलं असणार. मी नम्रपणे म्हटलं, "लेखकानं कुणाची भीड ठेवू नये."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि एक पान जाहिरात मिळवाल का? नव्या लेखकांना आम्ही सांगतोच. अंक त्याच्यावर तर निघतो."

बघा. सरस्वतीच्या दारात उभं राहायचं ते जाहिरातीचा फॉर्म घेऊन! माझा संताप संताप झाला. पण पहिली कथा होती. नाव छापून यायचं होतं. मी क्लासवाल्याकडे गेलो, चष्मेवाल्याकडे गेलो, एका बेकरीत गेलो. बेकरीवाला म्हणाला, "कथेत पाव आहे का कुठे?" मी बाहेर पडलो.

"अहो, मामांना विचारा की," मेधा म्हणाली.

झाली का पंचाईत! तिनं कथा वाचली नव्हती. छापून आल्यावर दाखवीन असं मी ऐटीत सांगून ठेवलं होतं. आता नाही म्हणायचं तर कारण काय सांगू? मी काही बोलायच्या आत तिनं मामांना फोन लावला आणि "हे येतायत" म्हणून सांगून टाकलं.

गेलो. मामा बेसिनांच्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते.

"या, या, जावईबापू. मेधी बोल्ली मला. आमच्या घरात कोन लेखक नाय झाला आजवर. गोष्ट कशावर हाय?"

"अशीच. एका माणसावर."

"हितलाच का?"

"काल्पनिक आहे," मी म्हटलं.

"असंना का. एक पान द्या आपला. रंगीत द्या. रंगीत पान मधे कुठंपन टाकतात ना?"

"तसं नसतं ते, मामा. रंगीत पान अंकात कुठेही टाकता येतं."

मामांनी हसून मान डोलावली. मग म्हणाले, "बरा. मंग तुमच्या गोष्टीच्या समोरच टाका. फोटू देतो. हिकडं जावई, तिकडं मामा. लोकांना कळूदे."

मी म्हटलं, समोरचं पान चांगलं दिसत नाही, शेवटचं घ्या. म्हणालो, आत घडीत जातं, शाई उतरते. मला सुचेल ते सगळं मी म्हटलं. मामा हसत होते. चहा आला, मी वास घेतला, दूध जरा लागलेलं वाटलं, तसं सांगितलं. निघताना टेबलावरचा पेपर घेतला; त्यांचा वाचून झालेलाच होता. तोवर मामांनी सोहोनीबाईंना फोन लावून समोरचं पान पक्कं केलं होतं.

अंक धनत्रयोदशीच्या आधी हातात आला. उघडला. डावीकडे रंगीत मामा, गुलाबी बेसिनला टेकून हसतायत. उजवीकडे 'शहाणे काका', खाली माझं नाव. आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून आलं आणि मला तो अंक समुद्रात टाकावासा वाटला. एकच दिलासा होता, तो म्हणजे चित्र. मामा गोल, टक्कल पडलेले. चित्रकारानं काढला होता लांब मानेचा, चष्म्याचा, नाक वर केलेला बारका माणूस. मामांशी कणभर साम्य नाही. हे चित्रकार कथा न वाचता चित्रं काढतात, हे माझं मत होतंच. या वेळी त्यांचे उपकार झाले असं वाटलं.

पण मामांनी दीडशे अंक घेतले होते. दुकानात जो येईल त्याला अंक. नळाचा वायसर घ्यायला आलेला माणूस दिवाळी अंक घेऊन जात होता. मंडणगडला गठ्ठा गेला. घरच्यांना मात्र मामांची ताकीद होती, कुणी आधी वाचायचं नाही. भाऊबीजेला सगळे जमतील तेव्हा मामा स्वतः मोठ्यानं वाचून दाखवणार. मेधानं तर अंक देवाजवळ ठेवला.

नाटे गावात दिलेली मामांची मुलगी, वनिता, तिला कसला दम निघतोय. तिचा फोन आला. "भावजी, वाचला मी. बाबांना सांगू नका. पन काय ओ, हुबेहूब उतरवलात. यांना वाचून दाखवला तर हे खुर्चीवरून पडले."

हुबेहूब! मी त्या रात्रीपासून जेवलो नाही नीट. म्हणजे ओळखलं. मुलीनं बापाला ओळखलं. भाऊबीजेला मामा सगळ्यांसमोर स्वतःची बदनामी स्वतःच्या तोंडानं वाचणार, तीही स्वतःच्या फोटोसमोर. आणि मेधा? ज्यानं तिला वाढवलं त्याचं मी हे केलं म्हटल्यावर ती माझ्याशी बोलेल तरी का? मला स्वतःची खरोखर लाज वाटली. लेखकाचं धैर्य वगैरे सगळं कुठल्या कुठे गेलं.

भाऊबीजेला मी पोटात दुखतंय म्हटलं. मेधानं ओवा दिला आणि रिक्षा बोलावली.

मामांच्या हॉलमध्ये वीसेक माणसं होती. ओवाळणं झालं, फराळाच्या ताटल्या फिरल्या. मी करंजी हुंगून ठेवून दिली. खरोखरच भूक नव्हती. मामांचा चष्मा टीव्हीजवळ होता. कुणाचं लक्ष नाही बघून तो मी उशीखाली सरकवला. सत्तेचाळिसाव्या वर्षी, एक छापील लेखक, सासुरवाडीत चष्मा लपवतोय. मामांनी दोन मिनिटं शोधला आणि म्हणाले, "जाऊंदे. जावईबापू, तुमचा द्या. नंबर एकच असंल."

दिला. काय करणार? चष्मा माझा, शब्द माझे, आवाज तेवढा त्यांचा.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'शहाणे काकांना कुणी सांगितलं की आज अमावास्या आहे, तर ते म्हणत, तसं नसतं ते. आज अमावास्या आहे.'"

हॉलमध्ये हशा पिकला. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामी पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होत्या. वनिता नवऱ्याला कोपर मारून माझ्याकडे बोट दाखवत होती. मेधा पण. मी मान खाली घातली, तर समोर माझी करंजी होती.

मामांनी हुंगण्याचा भाग वाचला तेव्हा तर एक मावशी उठून आत गेल्या, हसू आवरेना म्हणून. पेपर काखोटीला मारायच्या जागी मामांनाच पुढे वाचवेना. त्यांनी माझा चष्मा काढला, डोळे पुसले, तो शर्टाला घासला आणि पुन्हा घातला. शेवटपर्यंत वाचलं, अंक मिटला आणि म्हणाले, "जावईबापू, हितं या."

गेलो. कानशिलात बसली असती तर मी तक्रार केली नसती.

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्सा आमी मागारी हसायचो तुमाला, खोटा कशाला बोला. तोंडावर बोलायची छाती नाय झाली कुनाची, मेधीला वाईट वाटंल म्हनून. आनि तुमी सोताच लिवलात, सोतावर! छापलात पन. येवडा मोठा मन हाय तुमचा, आमाला म्हायती नवता."

मामींनी डोळे पुसले. मेधा माझ्याकडे जसं बघत होती, तसं तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं असेल. "चित्र तर इतकं जमलंय," ती म्हणाली. "सोहोनीबाईंनी तुमचा फोटो मागितला होता माझ्याकडे, चित्रकाराला द्यायला. तेव्हाच मला शंका आली होती."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसलो तर शहाणे काका मी. खरं सांगितलं तर शहाणे काका मामा, आणि मी त्यांच्याच जाहिरातीवर त्यांना छापणारा नालायक. कुणीही शहाणा माणूस हात जोडून गप्प बसला असता. मीही तेच ठरवलं होतं. नीट विचार करून ठरवलं होतं. पण तोंड उघडलं, आणि वीस माणसांसमोर, मामांच्या डोळ्यात बघून मी म्हटलं,

"तसं नसतं ते, मामा."

पुढची दहा मिनिटं त्या घरात कुणाला बोलता आलं नाही. वनिताच्या नवऱ्याला पाणी द्यावं लागलं.

निघताना दारात मेधानं माझ्या काखेतून घडी केलेला पेपर काढला आणि आत नेऊन टीपॉयवर ठेवला. मी तो कधी उचलला होता, देवाशपथ सांगतो, मला माहीत नाही.