जालिंदरच्या नावाला बट्टा
जालिंदरनं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. पंचशील नुसतं म्हणायचं नसतं, पाळायचं असतं, असं तो आष्ट्याच्या वस्तीत पिणाऱ्यांना तोंडावर सुनावायचा. मायाला नवऱ्याच्या या फटकळपणाची भीती वाटायची. तो साताऱ्यात कारखान्यात होता, सुटीला घरी यायचा. शहाण्णव साली त्याचं पोट पाण्यानं फुगलं, डोळे पिवळे झाले, दारुड्यांचं होतं तसंच, तेव्हा वस्तीला आतून बरंच वाटलं. "तिकडं साताऱ्यात कोण बघतंय?" असं त्याचा थोरला भाऊ आकारामच चहाच्या गाड्यावर बोलला.

मिरजेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. यकृताचा कॅन्सर निघाला. माया म्हणाली, "साहेब, कशानं झाला त्ये आमच्या भावजींसमोर सांगा."

डॉक्टरांनी नीट सांगितलं. 'ब' काविळीचा विषाणू, बहुधा जन्मताच आईकडून आलेला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला मारायला जातात आणि यकृतच जखमी करतात. वर्षानुवर्षं जखमा आणि वण. यकृत कडक होत जातं. "पुढं त्या पेशीही थकतात. याच्या गाठीभोवती त्यांची गर्दी दिसली मला, पण गाठीला त्या काही करत नाहीत. दारूचा यात संबंध नाही. मुलांनी, भावंडांनी रक्त तपासून घ्या."

"म्हंजी माझंच रगात माझ्यावर उलटलं," जालिंदर म्हणाला, "आन् आता नुसतं बघत बसलंय."

बाहेर व्हरांड्यात आकाराम मायाला हळूच म्हणाला, "डॉक्टर भला माणूस हाय. अब्रू झाकली त्याची."

जालिंदरनं ते ऐकलं. त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. थंडी पडायच्या आत गेला.

पुण्यानुमोदनाला विहारात आकाराम उभा राहिला आणि खरोखरच रडला. "दारूनं माझा भाऊ खाल्ला. तरण्या पोरांनो, शाणं व्हा." दोघांनी तिथंच दारू सोडल्याची शपथ घेतली.

माया उठली. "भावजी, तुमी सोता डॉक्टरांकडनं ऐकलंसा. त्यांनी कवाच घेतली न्हाई."

शेजारच्या हरणाबाईनं तिला पदर धरून खाली बसवलं. "गप बाई. त्येच्या नावानं दोन घरं सुधारली, त्यात गोड मान."

पुढच्याच आठवड्यात माया कपिल आणि नीलिमा या आपल्या पोरांना मिरजेला घेऊन गेली. दोघांचं रक्त चांगलं निघालं. तिनं दोघांना काविळीची लस टोचून घेतली. परतताना आष्ट्याच्या स्टँडवर आकाराम भेटला.

"तुमीबी तपासून घ्या, भावजी. आई एकच की."

"मला काय धाड भरलीया?"

आणखी एकदा सांगायला हवं, हे तिला कळत होतं. तिनं पोरांचे हात धरले आणि घराकडं चालू लागली.